हॅच आणि डेकच्या खिडक्या गळतायत: आधी काय तपासायचं, सीलंट कुठलं?

वल्हेकरी

नमस्कार मंडळी. फायबरग्लासची शिडाची बोट आहे, साधारण दहा मीटर लांबीची. डेकचा गाभा बाल्साचा, म्हणजे दोन फायबरग्लास थरांमधलं हलकं लाकूड. नाळेकडच्या, म्हणजे पुढच्या केबिनवर ॲल्युमिनियमच्या फ्रेमची हॅच (डेकमधलं उघडझाप होणारं झाकण) आहे, आणि केबिनच्या दोन्ही अंगांना बाहेरून स्क्रूने बसवलेल्या ॲक्रिलिकच्या लांबट खिडक्या. पाणी दोन्हीकडून येतं, पण वेगवेगळ्या वेळी. हॅचखालची गादी पावसात एका कोपऱ्यात भिजते. खिडक्या पावसात कोरड्या राहतात. बोट कलून चालली आणि डेकवरून लाट गेली की मात्र आतून ओघळ दिसतात.

आधीच्या मालकाने खिडक्यांच्या कडेने बाहेरून सिलिकॉनचा जाड पट्टा ओढलाय. तो जागोजागी सुटलाय, नख घातलं की लांबच लांब निघतो.

सीलंट कुठलं घेऊ? खिडक्या पूर्ण उतरवाव्या लागतील का, की जुना पट्टा काढून नवा ओढला तर चालेल? आणि हॅचचं रबर बदलून काम भागेल का?

जुनी_डोलकाठी

सीलंटचं नाव सगळ्यात शेवटी. आधी पाण्याची वाट शोधा. थेंब पडतो तिथेच भोक असतं असं नाही. डेकखाली, अस्तराच्या वरून पाणी हातभर लांब सरकतं आणि मग एखाद्या स्क्रूच्या टोकावरून ठिबकतं. हॅचभोवतीची आतली पट्टी आणि जमलं तर अस्तराचा तेवढा भाग उतरवल्याशिवाय कशावरही बोट ठेवू नका.

हॅचला पाणी शिरायच्या वाटा मोजक्याच असतात. झाकण आणि फ्रेममधलं रबर. काच (म्हणायला काच, असतं ॲक्रिलिकच) आणि झाकणाची चौकट यांच्यातला सांधा. काचेतून आरपार गेलेला हँडलचा दांडा. खालची फ्रेम आणि डेक यांच्यातली बैठक, तिच्या स्क्रूंच्या भोकांसकट. आणि एक वाट अशी जिचा हॅचशी संबंधच नाही: पुढचा एखादा क्लीट (दोर बांधायचा खुंट), रेलिंगच्या खांबाचा पाया, हवेची चिमणी. संशय पहिल्यांदा रबरावर जातो कारण ते डोळ्यांना दिसतं. यार्डात काम करताना मला बैठक आणि हँडल हेच जास्त वेळा सापडलेत.

तपासायला साधा होज पुरतो, पण जोराची धार नको. नुसतं वाहतं पाणी, आणि तेही उताराच्या खालच्या टोकापासून. वरून सुरुवात केली तर पाणी सगळीकडून खाली येतं आणि काहीच कळत नाही. एका जागी दहा-पंधरा मिनिटं थांबा, मग वीतभर वर सरका. आत एक माणूस टॉर्च घेऊन बसलेला हवा. स्क्रूंच्या टोकांना आणि फ्रेमच्या आतल्या कडेला टिश्यू पेपरच्या पट्ट्या चिकटवून ठेवायच्या. पहिला ओला ठिपका कुठे उमटतो तेच बघायचं, मागाहून सगळंच भिजतं. फ्रेम आणि डेकमधला सांधा मास्किंग टेपने बंद करून वरून पाणी सोडलंत तर काच, हँडल आणि रबर वेगळं तपासता येतं.

निळीरेघ

डोलकाठींनी सांगितलेलं हॅचसाठी अगदी बरोबर. पण वल्हेकरींच्या खिडक्या बंदरात गळतच नाहीत, त्यामुळे होजला त्या दाद देतील असं वाटत नाही. चालत्या बोटीत दोन गोष्टी बदलतात. शिडांचा ताण आल्यावर सगळा सांगाडा थोडा पिळतो आणि मेलेल्या सांध्याची फट उघडते. शिवाय कललेल्या बाजूला पाणी खालून वर ढकललं जातं. पाऊस फक्त वरून येतो.

अशा वेळी उलटा प्रयोग करा. प्रवेशाचं दार पुठ्ठ्याने आणि टेपने बंद करा, पुठ्ठ्याला भोक पाडून त्यातून ब्लोअर आत हवा भरू द्या. हवेच्या चिमण्या आणि लॉकर टेपने झाका. मग बाहेरून खिडक्यांच्या कडांवर, प्रत्येक स्क्रूच्या डोक्यावर आणि हॅचभोवती साबणाचं पाणी ब्रशने लावत जा. हवा जिथून सुटते तिथे बुडबुडे येतात, कधी एकाच स्क्रूभोवती बारीक फेसाची कडी दिसते. दाब फार लागत नाही. बुडबुडा जिथे येतो तिथेच बाहेरचं तोंड असतं. आतला थेंब एवढं नेमकं कधीच सांगत नाही.

अजून एक: थेंब जिभेला लावून बघा. खारट असेल तर लाटेचं पाणी, नसेल तर पाऊस किंवा नुसतं दव. थंड पहाटे ॲल्युमिनियमच्या फ्रेमला आतून घाम सुटतो आणि तोही गादीवरच पडतो. तेवढ्यासाठी कुणी हॅच उपटू नये. फक्त जुन्या गळतीचं मीठ फटीत साठलेलं असेल तर पावसाचं पाणीही खारट लागतं, म्हणून एवढ्या एकाच पुराव्यावर विसंबू नका.

वाऱ्यावर

वाचतोय. माझ्या बोटीवरही बाहेरून सिलिकॉन ओढलेल्या खिडक्या आहेत. एक मूलभूत शंका: सांधा बाहेरून नीट बंद केला तर पाणी आत जाणारच कसं? तो पट्टा टिकत का नाही?

भरती_ओहोटी

कारण खिडकी जागेवर स्थिर नसते. ॲक्रिलिक एका अंश सेल्सिअसला दर मीटरमागे साधारण ०.०७ मिमी वाढतं. फायबरग्लास त्याच्या जेमतेम एक तृतीयांश. वल्हेकरींची खिडकी समजा ९०० मिमी लांब आहे. गडद रंगाच्या ॲक्रिलिकच्या तापमानात दुपारच्या उन्हात आणि पहाटे यांत ४० अंशांचा फरक सहज पडतो. तेवढ्यात काच अडीच मिमी वाढते आणि खालचं फायबरग्लास एक मिमीच्या आतबाहेर. म्हणजे प्रत्येक टोकाला काच आणि केबिनची भिंत एकमेकांवरून पाऊण मिमी घासतात, रोज, पुढे आणि मागे.

आता स्क्रू घट्ट आवळून सीलंट पिळून काढलंय आणि मध्ये अर्धा मिमी थर उरलाय असं धरा. त्या थराला स्वतःच्या जाडीपेक्षा जास्त सरकावं लागतं. तो फाटणारच. तेच ३ मिमी जाडीचा थर असेल तर पाऊण मिमी सरकणं त्याला काहीच नाही. गळक्या खिडक्यांमध्ये सीलंट कमी पडलेलं क्वचित असतं, पातळ पडलेलं नेहमी असतं. बाहेरचा पट्टा तर फक्त कडेला चिकटलेला असतो, त्याला सरकायला जागाच नसते. एका बाजूने सुटला की तो उलट पाणी आत धरून ठेवतो. म्हणून वल्हेकरी, खिडक्या उतरवाव्याच लागतील.

सीलंटबद्दल आता बोलायला हरकत नाही. पॉलिसल्फाइड ॲक्रिलिकला आणि पॉलिकार्बोनेटला लावायचं नाही, ते प्लॅस्टिक खातं. सागवान आणि खऱ्या काचेसाठी ते उत्तम, पण इथे नको. पॉलियुरेथेनमध्ये सिकाफ्लेक्स २९५ यूव्ही खास प्लॅस्टिकच्या खिडक्यांसाठी बनवलंय, मात्र त्याला त्याचं प्रायमर लागतं आणि पारदर्शक काचेतून चिकटलेल्या भागावर ऊन पडू द्यायचं नसतं. थ्रीएमचं ५२०० खिडकीच्या आसपासही नको. ते निघत नाही, पुढच्या वेळी काच आणि जेलकोट (फायबरग्लासचा वरचा गुळगुळीत थर) दोन्ही फोडावे लागतात. माझी पसंती न्यूट्रल क्युअर स्ट्रक्चरल सिलिकॉनला, म्हणजे इमारतींच्या काचा चिकटवतात त्या जातीच्या. डाऊसिल ७९५ हे त्यातलं सगळ्यांच्या माहितीचं, सांध्याच्या रुंदीच्या पन्नास टक्के हालचाल ते दोन्ही दिशांना सोसतं. व्हिनेगरचा वास येणारं बाथरूमचं सिलिकॉन घेऊ नका. त्यातून सुटणारं आम्ल धातूला त्रास देतं.

जुनी_डोलकाठी

सिलिकॉनबद्दल एक वाक्य जोडतो. एकदा सिलिकॉन लागलं की त्या जागी सिलिकॉनखेरीज काहीही धरत नाही, रंगसुद्धा नाही. त्यामुळे जुनं काढणं हेच खरं काम आणि निम्म्याहून जास्त वेळ त्यातच जातो. प्लॅस्टिकची पट्टी, लाकडी पाचरी, धारदार पातळ सुरी. काच सोडवायला सांध्यातून बारीक स्टीलची तार दोन्ही हातांनी करवतीसारखी ओढत न्यावी. हीट गन ॲक्रिलिकच्या जवळ नेऊ नका, शंभर अंशांच्या आसपास ते मऊ पडतं.

खरवडून झालं, सिलिकॉन रिमूव्हर लावून पुसलं, सँडपेपर फिरवला, की जागेवर पाणी शिंपडा. पाणी सलग पसरलं तर जागा स्वच्छ. कुठे आकसून थेंब झाले तर तिथे सिलिकॉन शिल्लक आहे, परत बसा. डोळ्याला आणि बोटाला ती जागा अगदी स्वच्छ लागते, पाण्यालाच कळतं.

वल्हेकरी

सगळ्यांचे मनापासून आभार. हॅचवर होज आणि टिश्यूचा प्रयोग केला. पहिला ठिपका उमटला तो मागच्या हँडलच्या दांड्याखाली! थोड्या वेळाने पुढच्या उजव्या कोपऱ्यातल्या फ्रेमच्या स्क्रूवरही आला. रबराकडून काहीच नाही, तरी ते दाबल्यावर परत फुगत नाही, चपटं झालंय. ब्लोअर लावल्यावर खिडकीच्या खालच्या कडेला तीन स्क्रूंभोवती फेस आला.

उजव्या कोपऱ्यातला तो स्क्रू काढला तर त्याच्याबरोबर तपकिरी ओला भुगा आला. तो बाल्साच असणार. हे कितपत गंभीर आहे?

निळीरेघ

भुगा ओला आहे म्हणजे आता हे गादी वाळवण्यापुरतं राहिलं नाही, पण वेळेवर सापडलंय. कोपऱ्यापासून बाहेरच्या बाजूला स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने डेकवर टकटक करत जा. खणखणीत आवाज म्हणजे गाभा आणि वरचा थर एकसंध. आवाज बद्द झाला की तिथपर्यंत पाणी पोचलं. पेन्सिलने सीमा आखून घ्या.

सीमा दोन-तीन बोटांची असेल तर फ्रेम उतरवल्यावर कडेनेच काम होतं. हॅचच्या कापाची कड उघडी असते, तिथून ओला बाल्सा उकरून काढायचा. आवाज बद्द येईल तिथपर्यंत उकराच, आणि जिथे गाभा कोरडा आहे तिथेही सगळ्या बाजूंनी निदान १५ मिमी आत. वाकवलेला खिळा ड्रिलमध्ये लावला की वरखालच्या थरांना धक्का न लागता तो भुगा होतो. मग पूर्ण वाळू द्या. इथे घाई केली तर ओलं लाकूड इपॉक्सीच्या आत कोंडलं जातं आणि सडणं आतल्या आत चालूच राहतं. वाळल्यावर आधी पातळ इपॉक्सी ब्रशने पाजा, ते ओलसर असतानाच कलॉइडल सिलिका घातलेलं घट्ट इपॉक्सी ठासून भरा. कापाची सगळी कड अशी बंद झाली की पुढे कधी सीलंटने दगा दिला तरी पाणी केबिनमध्ये येईल, गाभ्यात जाणार नाही. दोन्हींत फार फरक आहे.

स्क्रूंची जुनी भोकंही मोठी करून इपॉक्सीने भरा आणि त्यात नव्याने ड्रिल करा. नव्या भोकाच्या तोंडाला किंचित खोलगट बशी कोरून ठेवा. फ्रेम बसताना सीलंट त्या बशीत साठतं आणि स्क्रूच्या मानेभोवती रबरी कडी तयार होते.

बद्द आवाज हातभर लांब गेला असेल तर मात्र वरचा थर कापून गाभाच बदलावा लागतो, ते वेगळं काम.

भरती_ओहोटी

हँडलचं काम सोपं आहे, आणि तरीही कुणी ते करत नाही. दांड्याभोवती एक-दोन ओ-रिंग, म्हणजे रबरी कड्या असतात, वर्षानुवर्षांत त्या चपट्या आणि टणक होतात. आतल्या हँडलचा स्क्रू काढला की बहुतेक हॅचमध्ये दांडा वर निघतो. भोक साबणाच्या पाण्याने धुवा, नव्या ओ-रिंगला सिलिकॉन ग्रीस लावा आणि बसवा. पेट्रोलियम जेली नको, ईपीडीएम रबर त्याने फुगतं.

दांडा बाहेर असतानाच भोकाची कड भिंगाखाली बघा. तिथून चिरा निघालेल्या असतील तर काच बदलायची वेळ झाली. पृष्ठभागावरचं चांदीसारखं बारीक जाळं वेगळं, ते ऊन आणि सॉल्व्हंटमुळे येतं आणि बराच काळ निव्वळ दिसायला वाईट असतं. पण ते भोकापर्यंत किंवा कडेपर्यंत पोचलं की तिथूनच काच तडकते, आणि नाळेकडच्या हॅचवर पाय पडणार हे धरूनच चालावं लागतं. ॲसिटोन, थिनर, अमोनियाचा ग्लास क्लीनर यांपैकी काहीही ॲक्रिलिकला लावू नका. भांडी धुण्याचं सौम्य लिक्विड आणि पाणी बास.

नवी काच घेताना कास्ट ॲक्रिलिक मागा. एक्स्ट्रूडेड स्वस्त असतं, पण त्यात आतला ताण जास्त, त्यामुळे चिरा लवकर. पॉलिकार्बोनेट माराला कितीतरी पटीने दणकट, पण ओरखडे पटकन पडतात, उन्हात पिवळं पडतं आणि वजनाखाली जास्त लवतं. लवलं की कडेचं सीलंट सुटतं. हॅचच्या काचेची जाडी आहे तेवढीच ठेवा, पातळ करू नका. छोट्या बोटींच्या खिडक्या आणि हॅचसाठी आयएसओ १२२१६ हे मानक आहे, जागा आणि मापानुसार किती जाडी हवी ते त्यात ठरवून दिलंय.

वाऱ्यावर

रबर कसं बदलायचं? बाजारात स्पंजच्या पट्ट्या मिळतात त्या चालतील का?

जुनी_डोलकाठी

बंद पेशींचा स्पंज हवा, निओप्रीन किंवा ईपीडीएम. उघड्या पेशींचा पाणी पितो. शक्यतो मूळ आडव्या छेदाचंच मागवा. जास्त जाड पट्टी लावली की बिजागरीकडून झाकण अडतं आणि लोक हँडल जोर लावून बंद करतात. त्याने फ्रेम वाकते आणि काचेच्या सांध्यावर ताण येतो, म्हणजे एक गळती थांबवून दुसरी सुरू.

बसवताना ताणायचं नाही. ताणून लावलेलं रबर नंतर आकसतं आणि जोडावर फट पडते. उलट किंचित जास्त लांब कापून टोकं एकमेकांवर दाबून सायनोॲक्रिलेटने (झटपट चिकटणाऱ्या गोंदाने) चिकटवा. जोड बिजागरीच्या बाजूला, मधोमध घ्या, कोपऱ्यात कधीच नको. खाचेतला जुना गोंद आधी पूर्ण काढा.

मग कागदाची चाचणी. साध्या कागदाची पट्टी रबरावर ठेवून झाकण लावा आणि ओढा. सगळीकडे सारखाच अडथळा जाणवला पाहिजे. जिथे पट्टी अलगद सुटते तिथे रबर दाबलं जात नाही. तिथे हँडलची खालची पकड समायोजित करा.

वल्हेकरी

टकटक केली, बद्द आवाज चार बोटांच्या आत थांबतो. हायसं वाटलं. आता फ्रेम आणि खिडक्या परत बसवण्याबद्दल विचारतो. काही जण सांगतात की स्क्रू अर्धे आवळायचे, सीलंट वाळू द्यायचं आणि मग पूर्ण आवळायचं. म्हणजे वाळलेलं सीलंट गॅस्केटसारखं दाबलं जातं. हे करू का?

जुनी_डोलकाठी

मी करत नाही. वाळल्यावर स्क्रू फिरवला की त्याच्या मानेभोवती चिकटलेलं सीलंट सुटतं, आणि पाणी नेमकं तिथूनच शिरतं. आरपार बोल्ट असतील आणि डोकं धरून फक्त नट फिरवता येत असेल तर गोष्ट वेगळी.

निळीरेघ

मी करते, पण हॅचच्या फ्रेमपुरतंच, आणि तेही नट खालून असतील तर. खिडक्यांना माझाही नकार आहे. मुद्दा दोघांचा एकच: थर पिळून निघता कामा नये. त्यासाठी दुसरे सोपे मार्ग आहेत. खिडकीमागे ठरावीक अंतरावर ३ मिमी जाडीचे वाळलेल्या सिलिकॉनचे तुकडे चिकटवा, काच त्यांच्यावर टेकते आणि स्क्रू कितीही उत्साहाने फिरवला तरी फट तेवढीच राहते.

हॅचची फ्रेम डेकवर बसवायला मी ब्युटाइल टेप वापरते. ती कधी कडक होत नाही, मेणासारखी दबते, आणि पाच वर्षांनी फ्रेम काढायची वेळ आली तर अंगठ्याने निघते. प्रत्येक स्क्रूच्या मानेभोवती तिचा बारीक शंकू करून ठेवा. एकदम आवळू नका. थोडं आवळा, उन्हात तापू द्या, कडेने बाहेर आलेलं कापा, दुसऱ्या दिवशी परत थोडं. पण ब्युटाइलला स्वतःची ताकद नसते, ती फक्त फट भरते. फ्रेम धरून ठेवायचं काम स्क्रूंचं. म्हणून काचेच्या सांध्यात ती घालू नका.

भरती_ओहोटी

खिडक्यांच्या स्क्रूंबद्दल. ॲक्रिलिकमध्ये बशीच्या डोक्याचे स्क्रू नकोत, ते पाचरीसारखे काचेला आतून बाहेर रेटतात. सपाट बुडाचं डोकं आणि खाली नायलॉनचा वॉशर. ५ मिमीच्या स्क्रूला काचेत ७-८ मिमीचं भोक, म्हणजे काचेला सरकायला जागा राहते आणि उरलेली फट सीलंटने भरते. ड्रिल हळू, पात्याची धार मुद्दाम बोथट केलेली, खाली लाकडाचा आधार.

किंवा स्क्रूच नकोत. व्हीएचबी जातीची, दोन्ही बाजूंनी चिकटणारी फोम टेप आतल्या कडेने, तिच्या बाहेर स्ट्रक्चरल सिलिकॉन. टेप काच जागेवर धरते आणि थराची जाडीही तीच ठरवते. त्यातली ४९९१ क्रमांकाची टेप सुमारे २.३ मिमी जाड येते. टेप एकदा टेकली की हलत नाही, त्यामुळे काच आधी कोरडी लावून बघा आणि मास्किंग टेपने खुणा करा. जुनी भोकं आधी इपॉक्सीने भरून टाका. केबिनची भिंत वक्र असेल आणि काच दाबून वाकवावी लागत असेल तर हा मार्ग सोडा, वाकवलेली काच सतत सुटायचा प्रयत्न करते.

आणि सिलिकॉन हवेतल्या दमटपणावर बाहेरून आत वाळतं, दिवसाला दोन-तीन मिमी. वरून सुकलं म्हणून बोट लगेच बाहेर काढू नका, एक-दोन आठवडे द्या.

जुनी_डोलकाठी

फ्रेम ठेवण्याआधी डेक सपाट आहे का तेही बघून घ्या. फ्रेम नुसती ठेवून कोपरे दाबा. डुगडुगली तर डेक वक्र आहे. स्क्रूने ती खाली ओढायची नाही, इपॉक्सीने बैठक भरून काढायची. पिळलेल्या फ्रेममध्ये काच आणि रबर कधीच नीट बसत नाहीत, तुमचा उजवा कोपरा त्यामुळेच सुटला असण्याची शक्यता आहे. ॲल्युमिनियममध्ये स्टेनलेसचे स्क्रू जात असतील तर आट्यांना टेफ-जेल किंवा ड्युरालॅक यांसारखं गंजरोधक लावा, नाहीतर पांढरी पूड जमून ते अडकतात.

सागवानी

माझा विषय थोडा वेगळा, पण याच धाग्यात विचारतो. लाकडी बोट, केबिनवर जुन्या पद्धतीचं दुपाखी स्कायलाइट: दोन उतरती झाकणं, मध्ये आढ्याशी बिजागऱ्या, खऱ्या काचा, वरून पितळी दांड्या. आढ्यातून पाणी येतं. सीलंट भरलं तर झाकणं उघडत नाहीत.

जुनी_डोलकाठी

सागवानी, इथे नियम उलटा. या स्कायलाइटचं आढं कधीच पूर्ण बंद होत नाही, ते बनवणाऱ्यांनाही माहीत होतं. लाकूड तंतूंच्या आडव्या दिशेला ओलीसुकीने फुगतं-आकसतं, त्यामुळे आज घट्ट बसलेलं झाकण कोरड्या दिवसांत फट दाखवतं. म्हणून पाण्याला आत येऊ द्यायचं आणि बाहेर काढायचं. आढ्याच्या तुळईत बिजागरीखाली पन्हळ कोरलेली असते, तशीच झाकणांच्या खालच्या कडेला. पन्हळीचं पाणी टोकाच्या भोकांतून डेकवर सुटतं. तुमच्या पन्हळी रंगाने आणि जुन्या पुटीने बुजलेल्या असतील तर आधी त्या मोकळ्या करा. मला तर बहुतेक वेळा एवढंच करावं लागलंय.

१९३०च्या डोराड या यॉटवरून नाव पडलेली हवेची पेटीही याच तत्त्वावर चालते. पाणी हवेबरोबर पेटीत येतं, खालच्या भोकांतून डेकवर निघून जातं, आणि केबिनमध्ये फक्त हवा पोचते.

काचा लाकडात बसवायला मात्र पॉलिसल्फाइड चालेल, कारण काच खरी आहे आणि सागवानाला ते छान धरतं. सागाला नैसर्गिक तेल असतं, लावण्याआधी ॲसिटोनने पुसून लगेच प्रायमर मारा. आधीच्या कुणी एखादी काच फुटल्यावर ॲक्रिलिक बसवलं नाहीये ना, तेवढं तपासा. टिचकी मारली की आवाजावरून कळतं.

सागवानी

एक बसवलंय, डावीकडचं पुढचं. बरं झालं सांगितलंत. त्याला वेगळं सिलिकॉन वापरू?

भरती_ओहोटी

त्यापेक्षा ते काढून कडक केलेली किंवा थर जोडलेली सुरक्षा काच बसवा, म्हणजे सगळ्या काचांना एकच सीलंट चालेल आणि लाकडाला सिलिकॉन लागणार नाही. पुढे वॉर्निश करताना त्याचा त्रास होतो.

निळीरेघ

आणि कॅनव्हासचं आवरण शिवून घ्या, आढ्यावरून दोन्ही बाजूंना कडेच्या खाली उतरणारं. लांबच्या सफरीत ते बांधूनच ठेवायचं. वल्हेकरी, हॅचसाठीही तेच सांगेन: उन्हात बोट उभी असताना गडद आवरण नको, पांढरं किंवा फिकट घाला. काच कमी तापते, सांध्याची हालचाल कमी होते आणि ॲक्रिलिकवर जाळं उशिरा येतं.

वल्हेकरी

हॅचची फ्रेम उतरवून बाल्सा उकरून झालाय, आता वाळायला ठेवलाय. वर ताडपत्रीचा तंबू केलाय म्हणजे हवा खेळेल आणि पाऊस लागणार नाही. कोपरे दाबून बघितले, फ्रेम खरंच डुगडुगते, उजव्या कोपऱ्याखाली एका नाण्याएवढी फट आहे. इपॉक्सी भरताना बैठक तिथे उंच करून घेईन. फ्रेमच्या खालच्या अंगाला मेण लावून ती ओल्या इपॉक्सीवर टेकवली तर बैठक बरोबर तिच्या आकाराची होईल ना?

जुनी_डोलकाठी

होईल, मात्र मेणाचे दोन-तीन हात द्या आणि टेकवताना स्क्रू लावू नका, नुसत्या वजनाने बसू द्या. स्क्रू लावलेत की फ्रेम परत पिळेल आणि इपॉक्सी तोच पीळ धरून कडक होईल. निघाल्यावर मेण दोन्हीकडून धुऊन, सँडपेपर मारून मगच ब्युटाइल.